निरागसता आणि निश्चिंतता : वाढत्या वयाच्या मराठी कथांचे एक वाचन

'निरागस' हा शब्द आपण मराठीत फार मोकळ्या हाताने वापरतो. तान्ह्या मुलाचे हसू निरागस, खेड्यातला साधा माणूस निरागस, आणि प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणाऱ्या मुलामुलींचे पांढरे पोशाखही निरागस. मूळ संस्कृतात 'आगस्' म्हणजे अपराध. ज्याच्या हातून अपराध घडलेला नाही, तो निरागस. शब्दाच्या घडणीतच असे एक गृहीत दडलेले आहे : मूल अपराधरहित असते आणि मोठे होणे म्हणजे केव्हातरी अपराधाशी ओळख होणे. कुमारवयावरची कथा-कादंबरी वाचताना पालक, शिक्षक आणि पुष्कळदा समीक्षकही हे गृहीत बरोबर घेऊन बसतात आणि एकच प्रश्न विचारतात : या मुलाची निरागसता कोणत्या पानावर हरपली? उत्तरही बहुधा ठरलेले असते. जिथे देहाची, स्त्री-पुरुष आकर्षणाची पहिली चाहूल लागते, ते पान. मनोविश्लेषणाच्या जुजबी ओळखीने या सवयीला शास्त्राचा टेकू मिळाला. फ्रॉईडचे नाव घ्यावे, ईडिपस गंड, दमन आणि लैंगिकता हे तीन शब्द उच्चारावेत आणि पुस्तक मिटावे, अशी एक सोपी रीत पडून गेली.

आमचे म्हणणे निराळे आहे. वाढत्या वयाविषयीची आपली जी चांगली पुस्तके आहेत, त्यांत मुलाचे जे हरपते ते अपराधरहितपण नसते; ते त्याच्याजवळ फारसे नव्हतेच. हरपते ती निश्चिंतता. आपल्याला धरणारे हात सुटणार नाहीत, आपले दुःख मोठ्या माणसांनाही दुःखच वाटेल, ही मुलाची न उच्चारलेली खात्री असते. ती एक दिवस तडकते, आणि तिथून मोठेपण सुरू होते. हा केवळ शब्दांचा फरक नाही. मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे आणि ते वाचून झाल्यावर त्यांच्याशी काय बोलावे, हे आपल्या घरांत या फरकावरच ठरते.

प्रथम आपल्याच परंपरेतील एक साक्षीदार बोलवू. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३९७ ते ४०० च्या सुमारास आपले आत्मनिवेदन, 'कन्फेशन्स', लिहिले. त्यातील सोळाव्या वर्षीच्या नासपतींच्या चोरीचा प्रसंग सर्वांना ठाऊक असतो. भूक नव्हती, फळेही फारशी चांगली नव्हती. चोरीची गंमत म्हणून चोरी केली आणि फळे डुकरांपुढे टाकली. हरपलेल्या निरागसतेचे उदाहरण म्हणून हा प्रसंग पुढे केला जातो. पण त्याच ग्रंथाचे पहिले प्रकरण बारकाईने वाचणाऱ्याला दिसेल की ऑगस्टीन बालपणाला निष्पाप मानतच नाहीत. बोलताही न येणारे एक मूल दूधभावाला स्तनपान करताना पाहून मत्सराने पांढरेफटक पडलेले आपण पाहिले, असे ते नोंदवतात. विसाव्या शतकात लंडनमध्ये मेलनी क्लाइन या मनोविश्लेषिकेने तान्ह्या मुलाच्या मनातील असूया आणि संताप यांविषयी जे प्रतिपादन केले, ते ऐकून अनेकांना धक्का बसला. ऑगस्टीन वाचलेल्याला तो बसण्याचे कारण नव्हते. तान्ह्या मुलालाही बाप्तिस्मा देणाऱ्या ख्रिस्तसभेला मूल म्हणजे देवदूत हा भाबडा समज कधीच परवडलेला नाही.

मग ऑगस्टीन यांच्या बालपणात खरोखर दुखावले काय? याच पहिल्या प्रकरणात शाळेतील माराची हकीकत येते. मार चुकावा म्हणून लहानगा ऑगस्टीन देवाची मनापासून प्रार्थना करी. मार मात्र चुकत नसे. आणि त्याच्या अंगावरचे वळ पाहून मोठी माणसे हसत, ज्यांनी त्याचे भले चिंतावे ते आईवडीलही हसत. बिशप झाल्यावर, चाळिशी उलटल्यावरही त्या हसण्याची सल त्यांच्या लेखणीतून गेलेली नाही. छडीपेक्षा हसू अधिक लागले होते.

आता सुमारे १५०० वर्षे पुढे येऊ. जेम्स जॉइस यांची 'अ पोर्ट्रेट ऑफ दि आर्टिस्ट अ‍ॅज अ यंग मॅन' ही कादंबरी १९१६ मध्ये पुस्तकरूपाने आली. आयर्लंडमधील एका कॅथलिक मुलाच्या घडणीची ही कथा मनोविश्लेषक समीक्षेचे आवडते क्षेत्र आहे, आणि तिच्यातील किशोरवयीन स्टीफनचे पतन, त्यानंतरचे नरकावरील प्रवचन आणि पापनिवेदन यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष एका लहान जागेकडे आहे. चष्मा फुटल्यामुळे लिहू न शकलेल्या छोट्या स्टीफनला वर्गात कामचुकार ठरवून हातावर छड्या मारल्या जातात. तो धीर करून थेट रेक्टरांकडे जातो आणि तक्रार करतो. रेक्टर सौम्यपणे ऐकून घेतात. मूल विजयी होऊन परतते. जगात न्याय आहे. पुढच्या प्रकरणात, जेवणाच्या टेबलावर, वडील सहज गमतीने सांगतात की रेक्टर भेटले होते आणि या प्रकरणावरून ती मंडळी पोट धरधरून हसली. त्या ठिकाणी जॉइस काहीही भाष्य करीत नाहीत. पण पहिल्या प्रकरणातला सारा विजय त्या हसण्याने पोकळ होतो. वेश्यावस्तीत स्टीफन जातो तो नंतर. त्याचा विश्वास त्याआधीच घरच्या टेबलावर गेलेला असतो. न्यायाच्या दृष्टीने हेही सांगितले पाहिजे की याच कादंबरीत एक वृद्ध कॅपुचिन धर्मगुरू त्याचे पापनिवेदन न हसता, न दटावता ऐकतो आणि मुलगा काही काळ पुन्हा शांत होतो. मुलाला कोण कसे ऐकते, यावर ही कादंबरी उभी आहे.

मराठी पुस्तकांकडे वळण्याआधी मनोविश्लेषणाच्या हत्यारांचा थोडा हिशेब घेतला पाहिजे, कारण चुकीच्या हत्याराने चांगले लाकूडही फाटते. सिग्मंड फ्रॉईड यांचा स्वप्नमीमांसेचा ग्रंथ १९०० या सालाची मोहोर घेऊन आला. बापाशी स्पर्धा आणि आईची ओढ यांवर त्यांनी मुलाच्या मनाची उभारणी केली. हिंदुस्थानात हे शास्त्र फार लवकर पोहोचले. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात 'इंडियन सायकोअ‍ॅनॅलिटिकल सोसायटी' स्थापन केली. त्यांनी फ्रॉईड यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार केला आणि आपल्याकडचे रुग्ण युरोपीय नमुन्यात नेमके बसत नाहीत, हे त्यांना नम्रपणे पण ठामपणे कळवले. पुढे सुधीर कक्कर यांनी १९७८ च्या 'दि इनर वर्ल्ड' या ग्रंथात भारतीय मुलाच्या आयुष्यातील निर्णायक घाव वेगळ्या जागी दाखवला. आईच्या आणि बायकांच्या उबदार जगात चार-पाच वर्षे मनसोक्त राहिलेला मुलगा एकाएकी पुरुषांच्या शिस्तीच्या जगात ढकलला जातो. तो त्याचा जणू दुसरा जन्म असतो. इंग्लंडमध्ये जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी १९५१ मध्ये लिहिलेल्या अहवालात आईपासून तुटलेल्या मुलांचा प्रश्न मांडला, आणि डी. डब्ल्यू. विनिकॉट या बालरोगतज्ज्ञाने 'धरून ठेवणे' हा साधा शब्द मनोविश्लेषणाच्या मध्यभागी आणला. ईडिपसपेक्षा ही मंडळी आमच्या पुस्तकांच्या अधिक जवळची आहेत, असे आम्हांस वाटते.

साने गुरुजींची 'श्यामची आई' फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली गेली आणि १९३५ मध्ये प्रसिद्ध झाली. आचार्य अत्रे यांचा त्यावरील चित्रपट १९५३ चा. आपल्याकडे हे पुस्तक संस्कारांचा ठेवा म्हणून वाचले जाते, आणि ते योग्यही आहे. परंतु त्यातील श्याम निरागस आहे काय? तो भित्रा आहे, हट्टी आहे, लपवाछपवी करतो, आणि त्याच्या मनाला सतत टोचणी आहे. मनोविश्लेषणाच्या भाषेत ज्याला पराहम् म्हणतात, तो आतला न्यायाधीश श्यामच्या मनात फार लवकर बसलेला आहे. पोहण्याचा प्रसंग आठवावा. श्याम पाण्याला भिऊन लपून बसतो. आई त्याला शोधून काढते आणि छडीने मारत विहिरीकडे पाठवते. आणि तो पोहून परतल्यावर तीच आई डोळ्यांत पाणी आणून त्याच्या अंगावरचे वळ कुरवाळते. क्लाइन यांनी बालमनाच्या वाढीतील सर्वांत कठीण पायरी म्हणून जी सांगितली, ती हीच : मारणारा हात आणि कुरवाळणारा हात एकाच आईचे आहेत हे पत्करणे. श्याम ते पत्करतो, कारण आई हसत नाही, रडते. ऑगस्टीन यांच्या घरातील आणि श्यामच्या घरातील छडी सारखीच असेल. छडीनंतर घडले ते मात्र सारखे नाही.

तरीही या पुस्तकात एक खोल कुलूप आहे. आईच्या अखेरच्या घटकेला श्याम जवळ नसतो. तो शिक्षणासाठी दूर असतो आणि उशिरा पोहोचतो. आश्रमातील मित्रांना रात्रीमागून रात्री सांगितलेल्या या कहाणीच्या मुळाशी ते न पोहोचणे आहे. आईवर रागावण्याचा एकही क्षण श्याम स्वतःला देत नाही. तो सगळा राग अपराधभाव होऊन त्याच्याकडेच वळतो आणि शेवटी भक्तीत विरतो. भक्ती थोरच आहे. पण घरोघरी हे पुस्तक मुलांना उपदेशासारखे पाजले जाते, तेव्हा मुलांच्या हाती श्यामची टोचणी तेवढी येते आणि आईचे अश्रू पुस्तकातच राहतात. हा दोष पुस्तकाचा थोडा आणि आपल्या वाचनाचा फार.

मुलींचे काय, हा प्रश्न इथे विचारलाच पाहिजे. कारण वाढत्या वयाच्या मराठी कादंबऱ्या बहुतांशी मुलग्यांच्या आहेत. त्यांच्यासाठी आम्ही कादंबरीच्या कुंपणाबाहेर जाऊन लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'कडे जातो. १९३४ पासून प्रसिद्ध झालेले हे आत्मचरित्र ख्रिस्ती घरांत पुष्कळदा असतेच. पण त्यातील बाप्तिस्म्याची पाने शोधण्याच्या घाईत सुरुवातीची पाने आपण भराभर उलटतो. १८५७ नंतर लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली, आणि त्या आघातातून त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे वेड लागले. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतली पाहिजे. मुलांनी कशाला हात लावला, कशाला नाही, याची अखंड धास्ती. फ्रॉईड यांनी पछाडणाऱ्या शुचितेच्या ज्या रुग्णकथा लिहिल्या, त्यांच्या शेजारी ही पाने निःशंकपणे ठेवावीत. फरक एवढाच की इथे सांगणारी त्या घरातली लेक आहे, आणि ती हसत सांगते. पण हे हसणे ऑगस्टीन यांच्या घरातील हसण्यासारखे नाही. वळ ज्याच्या अंगावर आहेत त्यानेच, पुष्कळ वर्षांनी, समजून हसावे तसे ते आहे. आणि या मुलीचे बालपण संपते ते कशाने? कोणत्याही गुह्य ज्ञानाने नव्हे. १८६८ मध्ये जन्मलेल्या या मुलीचे १८८० मध्ये लग्न लागते आणि ती एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवली जाते. धरणारे हात एका दिवसात बदलले. त्या काळच्या मुलींच्या बाबतीत निश्चिंतता हरपण्यासाठी घटनेची वाट पाहावी लागत नसे. समाजाने तिथीच ठरवून दिलेली असे.

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ ची. पांडुरंग सांगवीकराच्या मनातील बापाविषयीचा ताण इतका उघड आहे की ईडिपस गंडाचे लेबल लावण्याचा मोह कोणालाही व्हावा. बापाचा पैसा, बापाचा दरारा, पुण्यात बापाच्या जिवावर केलेली उधळण, आणि शेवटी हरून त्याच गावी परतणे. परंतु या कादंबरीचे हृदय बापाच्या भांडणात नाही. ते मनीच्या मृत्यूत आहे. पांडुरंगाची धाकटी बहीण देवीने जाते. तो लांब असतो. मोठा भाऊ असून तिच्या काही उपयोगी पडलेला नसतो. त्या प्रकरणातील भाषा एकाएकी मोडते, विनोद थांबतो, आणि इतका वेळ जगाची टर उडवणारा हा तरुण उघडा पडतो. आपण मोठे झालो याचा अर्थ आता आपणही कोणाचे तरी हात होतो आणि आपले हात सुटले, हे त्याला तिथे कळते. निश्चिंतता दोनदा हरपते : एकदा मोठ्यांनी आपल्याला सोडले तेव्हा, आणि दुसऱ्यांदा आपण लहानाला सोडले तेव्हा. 'कोसला'तील पुढचा सारा रितेपणा या दुसऱ्या हरपण्यातून आलेला आहे. तिची टवाळी तेवढी उचलणाऱ्या नंतरच्या अनुकरणांना हे मर्म सापडले नाही.

या सर्वांत आमच्या विषयाला सर्वांत जवळचा मुलगा म्हणजे प्रकाश नारायण संत यांचा लंपन. 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' (२००२) अशा चार संग्रहांत त्याच्या कथा विखुरल्या आहेत. बेळगाव परिसर, कानडीचा हेल घेतलेली मराठी, आणि आजी-आजोबांच्या घरी वाढणारा मुलगा. आईवडील आणि भावंडे दुसऱ्या गावी. पहिल्याच संग्रहाचे नाव 'वनवास' आहे, हे विसरून चालणार नाही. मात्र हा वनवास कोणा कैकेयीमुळे आलेला नाही. आजी प्रेमळ आहे, आजोबा प्रेमळ आहेत, आईचे प्रेमही आटलेले नाही. कोणीही दुष्ट नाही आणि तरीही मूल आतून पोरके आहे. दुःखाला आरोपी नसला की ते मुलाला कोणाजवळ बोलताही येत नाही, ही गोष्ट संतांनी मराठीत प्रथमच इतक्या निकट जाऊन दाखवली असे आम्ही म्हणू.

लंपन ते दुःख बोलत नाही. तो झाडे, वाटा, वास, आवाज, गाणे यांना धरतो. विनिकॉट यांनी निरीक्षण केले होते की आईपासून दूर होणारे मूल एखादी चिंधी किंवा बाहुली घट्ट धरते. त्या वस्तूत ते दूर गेलेल्या आईचा काही अंश सांभाळत असते. त्या चिंधीचे पुढे काय होते? निरोगी मुलात ती हरवत नाही, तिच्यातून खेळ आणि कला उगवतात. 'शारदा संगीत'मधील मुलगा सुरांकडे ओढला जातो तो याच वाटेने. सुमीविषयी त्याला वाटणारी ओढ इतकी उघड, इतकी निर्मळ आहे की तिथे पतनाचा शोध घेणाऱ्या समीक्षकाचे हात रिकामेच राहतील. आकर्षण आले तरी निरागसता गेली नाही. आणि दुसरीकडे, आकर्षण येण्याच्या कितीतरी आधी निश्चिंतता गेलेली होती. आमच्या म्हणण्याला याहून स्पष्ट पुरावा नको.

संत यांचा जन्म १९३७ चा. कवयित्री इंदिरा संत त्यांच्या आई. वडील ना. मा. संत १९४६ मध्ये वारले, आणि आजोळी दत्तक गेल्यामुळे लेखकाचे व्यवहारातील आडनाव दीक्षित झाले. कथांमागील जखम कुठली हे ओळखायला यापेक्षा अधिक नको. पण कथांना चरित्राची टाचणी लावून त्यांचे फुलपाखरू करणे हाही अन्यायच. लक्षणीय आहे ते इतकेच की पहिला संग्रह आला तेव्हा लेखक ५७ वर्षांचे होते. बालपणीच्या घावाचा अर्थ पुष्कळदा फार नंतर लागतो, हे फ्रॉईड यांचे एक निरीक्षण ईडिपसच्या गदारोळात मागे पडले आहे. या कथांत दोषही आहे. लंपनची लाडकी बोली, त्याची ठरावीक विशेषणे, अतिशयोक्तीचे आकडे हे कधी कधी सवयीसारखे येतात, आणि मग त्या गोडव्यामागे दुःख दिसेनासे होते. वाचकही मग लंपनवर 'किती गोड मुलगा' म्हणून हसतो. ते हसू पुन्हा त्याच जुन्या घरातले असते.

आमच्या देहूरोडच्या वाचकांना लंपन वेगळ्या कोनातून भेटतो. पुणे-लोणावळा लोहमार्गावरचे हे छावणीचे गाव. सैन्याची भांडारे, आयुधनिर्माणी आणि त्यांच्याभोवती वसलेल्या वसाहती यांवर ते वाढले. इथल्या मिस्सेला तमिळ, मल्याळी, कोकणी आणि मराठी कुटुंबे शेजारी शेजारी गुडघे टेकतात, आणि 'बदली' हा शब्द इथली मुले बाराखडीबरोबर शिकतात. वडील सीमेवर, आई नोकरीवर आणि मूल आजीजवळ, अशी घरे इथे अपवाद नाहीत. जून महिन्यात शाळा उघडली की एखादा बाक रिकामा असतो. त्यावर बसणारा मित्र कुठल्या छावणीत गेला हे मुलाला कळते, पण तो गेला याचे दुःख करायचे असते हे त्याला कोणी सांगत नाही. 'नवीन मित्र मिळतील' असे आपण सांगतो. ते खरेही असते. लंपन वाचताना अशा घरांतील वाचकांना जाणवावे ते हे की प्रेमाची कमतरता नसतानाही मूल वनवासात असू शकते.

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही पालकांच्या मनात सर्वांत अधिक धाकधूक निर्माण करणारी कादंबरी. नववीतला मुकुंद जोशी, त्याचे मित्र, वर्गातील शिरोडकर, आणि पार्श्वभूमीला १९७५ ची आणीबाणी. तिच्यावरील चित्रपट २०१२ मध्ये प्रदर्शित झाल्यापासून ती अधिकच घरांत पोहोचली आहे. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या हाती ती द्यावी काय, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामांतूनही विचारला जातो. त्यातील मुलांचे बोलणे मुलांसारखेच आहे, कधी अर्वाच्यही आहे. पण कादंबरी नीट वाचली तर तिच्यातील मुकुंदाचे प्रेम आश्चर्य वाटावे इतके संकोची आणि आदरयुक्त आहे. तो शिरोडकरच्या वाटेवर चालतो, एक दृष्टिक्षेप मिळाला तर दिवस साजरा करतो. त्यात हरपण्यासारखे काही घडत नाही.

हरपते ते अन्यत्र. मुलांच्या मनात काय चालले आहे हे विचारण्याची मोठ्यांच्या जगाला सवय नाही. तिथे शिस्त आहे, शिक्षा आहे, कुजबूज आहे. देशात बोलण्यावर बंदी असताना शाळेतही मनातले बोलण्याला जागा नाही, हे समांतर बोकील कुठेही ठळक न करता राखतात. मुकुंदाशी बरोबरीने बोलणारा मोठा माणूस म्हणजे नरूमामा; तो हसवतो, पण मुलाला हसत नाही. अखेरीस शिरोडकर त्याच्या आयुष्यातून निघून जाते आणि मुकुंद दहावीच्या उंबरठ्यावर एकटा उभा राहतो. जे घडले ते कोणाला सांगता येत नाही, म्हणून त्याचा शोकही करता येत नाही. मनोविश्लेषण म्हणते की न केलेला शोक मनात गोठून राहतो. या कादंबरीचे शेवटचे मौन ते गोठणे आहे. आमचा आक्षेप असलाच तर एवढा की शिरोडकरच्या मनात काय हरपले हे कादंबरी आपल्याला कळू देत नाही. तिला आपण मुलाच्या डोळ्यांनी, बहुतेक आडनावानेच ओळखतो. मराठीत तिची बाजू त्याच ताकदीने लिहिली जाण्याची वाट आहे.

शेवटी मूळ कथेकडे जाऊ. हरपलेल्या निरागसतेची आद्य कथा उत्पत्तीच्या ग्रंथातील, आणि ती फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराणा'त मराठी ओव्यांत सांगितली. तो ग्रंथ १६१६ मध्ये गोव्यातील राचोल येथे छापला गेला. फळ खाल्ल्यावर आदाम आणि एवा यांना आपली नग्नता कळते, हे आपल्या चांगलेच लक्षात राहते. पतनाची कथा आपण तेवढीच सांगतो. पण त्यानंतर ती दोघे लपतात. ज्याच्याशी संध्याकाळी बागेत सहज बोलावे, त्याच्यापासून लपावेसे वाटले. निश्चिंतता इथे गेली. आणि मग परमेश्वर काय करतो? तो त्यांना शोधत येतो आणि हाक मारतो. शिक्षा सांगतो, बागेबाहेरही पाठवतो. पण पाठवण्यापूर्वी तो स्वतः त्यांना कातड्याची वस्त्रे करून घालतो. बागेत परत नेणे आता शक्य नसते. पांघरूण घालणे शक्य असते.

संत दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षे ठरवले, तेव्हापासून आपली मुले त्या वयात प्रथम पापनिवेदनाला जातात. सातव्या वर्षाच्या मुलाजवळ सांगण्यासारखे पाप असते, हे ख्रिस्तसभेला मान्य आहे. म्हणजे मूल अपराध करू शकते एवढी प्रतिष्ठा आपण त्याला देतो. तेवढीच प्रतिष्ठा त्याच्या दुःखाला दिली पाहिजे. या पुस्तकांनी आम्हांस शिकवले ते हेच. तेरा वर्षांच्या मुलाने 'शाळा' मागितली तर द्यावी, आणि आपणही त्याच आठवड्यात वाचावी. कोणत्या पानावर काय वाईट आहे हे शोधण्यासाठी ती वाचू नये. मुकुंद एकटा कुठे पडतो, ते पान दोघांनी मिळून शोधावे. लंपन आजीला, आईला आणि मुलाला एकत्र वाचता येतो. 'श्यामची आई' वाचून दाखवताना छडीनंतरचे अश्रू गाळू नयेत. आणि वाचता वाचता मुलाने स्वतःची एखादी गोष्ट सांगितली, एखादा गेलेला मित्र, एखादी कोणाला न सांगितलेली भीती, तर ती ऐकताना हसू नये.